ब्रेकर मंद चालतो, म्हणून पंपच बदलायचा का?

प्रश्न : माझा बॅकहो लोडर आहे, सिन्नर भागात विहिरी, शेततळ्याची कामं करतो. यंदा एक जुना ब्रेकर, म्हणजे कातळ फोडायचा हायड्रॉलिक हातोडा, घेऊन लावला. सकाळी बरा चालतो पण दुपारनंतर ठोके मंद होतात, काळा कातळ लागला की छिन्नी नुसती वरच नाचते. बकेटचं काम मात्र व्यवस्थित आहे. एका मेकॅनिकने गेज लावून बघितलं, म्हणाला १८० बार प्रेशर येतंय, पंप ठणठणीत, ब्रेकरच खराब. दुसरा म्हणतो पंप गेला, बदलून टाका. कुणाचं खरं मानू?

उत्तर : दादा, आत्ता दोघांचंही मानू नका, कारण फ्लो, म्हणजे मिनिटाला किती लिटर ऑइल वाहतं, ते दोघांनीही मोजलेलं नाही. गेजवर १८० दिसणं म्हणजे पंप चांगला असं अजिबात नसतं. ठिबकचा व्हॉल्व्ह बंद केला की गेजचा काटा वर जातोच, पण त्याने पाणी झाडापर्यंत पोचलं का? लिव्हर शेवटपर्यंत ओढून धरला की झिजलेला पंपसुद्धा रिलीफ व्हॉल्व्हच्या (ठरलेल्या प्रेशरला उघडून जादा ऑइल टाकीकडे सोडणारा व्हॉल्व्ह) सेटिंगपर्यंत प्रेशर दाखवू शकतो. ब्रेकरला मात्र प्रेशर असताना ऑइलही तेवढंच वाहतं लागतं, ठोक्यांचा वेग फ्लोवर ठरतो.

हिशोब सोपा आहे, मिनिटाला किती लिटर गुणिले किती बार, भागिले ६००, की किलोवॅट मिळतात. ८० लिटर १५० बारला मिळाले तर २० किलोवॅट, तेच ४५ लिटर झाले तर सव्वा अकरा. काटा दोन्ही वेळेला तेच १५० दाखवणार, आणि मालक छिन्नीला धार नाही म्हणून छिन्न्या बदलत बसणार!

तर लोड व्हॉल्व्हवालं फ्लो मीटर मिळवा, म्हणजे व्हॉल्व्ह आवळून प्रेशर वाढवत फ्लो मोजता येतो असं. नाशिकच्या अंबड, सातपूर एमआयडीसीत हायड्रॉलिकची कामं करणाऱ्या वर्कशॉपमध्ये विचारा, आणि 'मीटर आहे का' हाच पहिला प्रश्न करा. ब्रेकर सोडवून त्याच्या प्रेशर आणि रिटर्न पाईपांच्या मध्ये मीटर बसवायचं, ऑइल वाहतं त्या दिशेनेच. आधी मशीन चालवून ऑइल ५० डिग्रीच्या आसपास आणा, तुमचा त्रास दुपारचा आहे त्यामुळे सकाळी थंड ऑइलवर टेस्ट केली तर सगळं छानच दिसेल आणि दिवस वाया जाईल. लोड व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून सुरुवात करा, इंजिन ब्रेकरच्या कामाच्या आरपीएमला, मग हळूहळू व्हॉल्व्ह आवळत ५०, १००, १५० बारला किती लिटर येतात ते लिहून घ्या. आरपीएमवर लक्ष ठेवा, इंजिनच दबलं तर फ्लो कमी दिसतो आणि बिल पंपावर फाटतं. व्हॉल्व्ह एकदम बंद करू नका, मधे रिलीफ नसेल तर मीटर किंवा पाईप फुटतो.

लोड वाढला की फ्लो थोडा उतरणारच. पण ८० चे ४५ झाले तर ऑइल कुठेतरी आतल्या आत पळतंय. मग तीच टेस्ट पंपाच्या तोंडाशी करा. तिथेही घसरला तर पंप झिजलाय, तिथे ठीक आला तर मधला स्पूल (ऑइलची वाट बदलणारा व्हॉल्व्हमधला दांडा) किंवा ब्रेकर लाईनचा रिलीफ लीक करतोय. तुमची बकेट नीट चालते आणि ऑइल तापलं की त्रास होतो, म्हणून मला संशय पंपापेक्षा या रिलीफचा जास्त येतो. ब्रेकरच्या कामाच्या प्रेशरपेक्षा तो साधारण ४०-५० बार वर सेट लागतो, नाहीतर प्रत्येक ठोक्याला उघडतो आणि ऑइल अजून तापतं.

रिटर्न लाईनलाही गेज लावून ब्रेकर चालवून बघा. बारीक पाईप, अर्धवट बसलेला कपलर, चोंदलेला फिल्टर यांनी रिटर्नमध्ये प्रेशर साठतं आणि पिस्टन मंदावतो. हे सगळं ठीक निघालं तरच ब्रेकर उघडा, सील आणि ब्रेकरच्या आत भरलेला गॅस बघा. गॅस नायट्रोजनच भरायचा, ऑक्सिजन चुकूनही नाही, ऑइलशी गाठ पडली की स्फोट होतो.

आणि कळकळीने सांगतो, लीक शोधायला पाईपवर हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. सुईएवढ्या भोकातून निघालेलं ऑइल कातडीच्या आत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही सुरुवातीला, पण ताबडतोब ऑपरेशन झालं नाही तर बोट, हात जाऊ शकतो. पाईप सोडवायच्या आधी इंजिन बंद करून लिव्हर पुढेमागे हलवून प्रेशर काढून टाका.

प्रश्न : दिंडोरीत द्राक्षबागेच्या अँगलसाठी ऑगरने (खड्डे पाडायचा हायड्रॉलिक गिरमिट) खड्डे घेतो. ऑगरच्या मोटरचं शाफ्ट सील सारखं फुटतं. चांगल्या कंपनीचं सील कुठलं?

उत्तर : भाऊ, सील कितीही भारी आणलं तरी फुटेल, मोटरच्या बॉडीत प्रेशर साठतंय का ते आधी बघा. मोटरला ड्रेनचं, म्हणजे आत झिरपलेलं ऑइल बाहेर काढायचं, तोंड दिलेलं असेल तर तिथून बारीक पाईप सरळ टाकीत न्या, बरेच जण तो रिटर्नलाच जोडतात आणि रिटर्नचं प्रेशर उलटं सीलवर येतं. पुढचं सील टाकायच्या आधी ड्रेनला कमी रेंजचं गेज लावा आणि मोटरच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघा.