किंमत कोण मोजतंय, ते आधी लिही

बेटा,

परवा तू गेलीस आणि वही इथेच विसरलीस. वाचायची नाही असं ठरवलं होतं. वाचली. पहिल्याच पानावर दोन रकाने आखलेत, एकीकडे ‘प्राण्यांचे हक्क’, दुसरीकडे ‘पर्यावरण नीती’, आणि खाली लाल शाईत, ‘मला यावर लिहायचा अधिकार आहे का? माझी फी मटणातून येते.’

अधिकाराचं नंतर बघू. आधी रकाने.

पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने १९७५ साली विचारलं ते एकेका जिवाच्या वेदनेबद्दल. त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी अमेरिकेतला निसर्ग-अभ्यासक आल्डो लिओपोल्ड माती, पाणी, झाडं, जनावरं यांच्या अख्ख्या गोतावळ्याचा विचार करून गेला होता. त्याच्या हिशेबात एखादं हरीण गेलं तरी चालतं, जंगल राहिलं पाहिजे. प्राण्यांच्या हक्कांची बाजू मांडणाऱ्या टॉम रेगनला हे इतकं झोंबलं की १९८३ मध्ये त्याने या विचाराला सरळ फॅसिझम म्हटलं. तुझी भीती खरी आहे, या दोन रकान्यांचं एकमेकांशी पटत नाही. पण ते भांडण तू एम.ए.च्या प्रबंधात मिटवावंस असं कोणी सांगितलंय तुला? मी नाही सांगितलं. मी एकच गोष्ट सांगते, आणि तू कंटाळलीस तरी सांगत राहणार आहे. कुठलंही तत्त्व लिहायच्या आधी त्याची किंमत कोण मोजतंय, ते लिही.

पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गाचं घे. चौपदरीकरणावरून वर्षानुवर्षं वाद झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी जनावरांना खालून वाट ठेवून रस्ता वरून नेला. कुठे ५० मीटर, कुठे ७५०. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघही दिसले. तू याला ‘सहअस्तित्वाचा आदर्श’ म्हटलंयस. खोडून टाक तो शब्द. आधी गाडीखाली येऊन जनावरं किंमत मोजत होती, आता त्यातला काही भाग सरकारी तिजोरीतून जातो. हे लिहायला लाज वाटायचं कारण नाही. मीटर आणि रुपये हीसुद्धा नीतिशास्त्राचीच भाषा आहे.

प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम ११ उतरवून घेतलंस, दंडाचा आकडा मात्र गाळलास. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. अगं, कलमातली सगळ्यात बोलकी ओळ तीच, आणि तीच गाळतेस?

रागावते आहे, पण असंच आम्हीही केलंय. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, बंद केला तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये पेढे वाटले. २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा दुरुस्ती कायदा वैध ठरवला तेव्हा तोंडं पाडून बसलो. बैल कोणाच्या दावणीला आहे, त्याच्यापुढे पेंड कोण ठेवतं, हे दोन्ही वेळा आमच्यापैकी एकीनेही विचारलं नाही.

आता जे सांगते ते कॉलेजात कोणाला सांगितलेलं नाही. २०१८ ची दिवाळी तोंडावर होती. २ नोव्हेंबरच्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघिणीला गोळी घातली. तेरा माणसं मारल्याचा ठपका होता तिच्यावर. मी दोन दिवसांत त्या गोळीविरुद्ध लेख लिहिला, छापून आला, कौतुक झालं. आठवड्याने राळेगावकडून एका बाईचा फोन आला. भांडायला नव्हता केलेला. “बाई, तुमी चांगलं लिवलं म्हन्तेत. एक डाव या न आमच्या वावरात, कापूस वेचाले.” एवढंच. मी म्हटलं, येते.

गेले नाही. पेपर तपासायचे होते, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, ही कारणं खरीच आहेत. पण राळेगाव काही लंडन नाही. सकाळच्या एसटीने गेले असते तर दिवेलागणीला घरी आले असते.

त्या लेखातलं एक वाक्यही मी मागे घेत नाही, हेही ऐकून ठेव. तिला बेशुद्ध करून पकडायचे प्रयत्न नीट झाले का, हा प्रश्न तेव्हाही बरोबर होता, आजही आहे. लेखात वाघीण होती, तिचे दोन बछडे होते, प्राणिमात्रांवर दया करणं हे नागरिकाचं कर्तव्य मानणारं घटनेचं कलम ५१-अ होतं. पऱ्हाटीत कमरेत वाकून कापूस वेचणारी आणि दर दोन बोंडांनंतर मागे वळून बघणारी बाई नव्हती. त्या लेखाची किंमत कोण मोजत होतं, ते मला फोनवर कळलं आणि मी पेपर तपासत बसले. माझी पीएच.डी. अर्धी राहिली ती गाइडमुळे, असं मी सगळ्यांना सांगत आले. असू दे.

आता तुझं मटण.

गेल्या रविवारी तुला न सांगता तुमच्या सावजी भोजनालयात जेवून आले. मटण मी खात नाही, म्हणून पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा मागितला. वाढणारा पोट्टा म्हणाला, पाटोडी विकायला नसते, मालक घरच्यासाठी करतात. तरी वाटी आली. वर तेलाचा लाल तवंग, दगडफुलाचा वास, आणि दुसऱ्या घासाला नाकातून पाणी. हात धुवायला मागे गेले तर भट्टीवर मटणाचं मोठं पातेलं, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर एक लहान पातेलं. त्याचा डाव वेगळा. दांड्याला लाल दोरा बांधलेला, चुकून मटणाच्या रश्शात जाऊ नये म्हणून.

चार महिने बाबा बोलत नाहीत म्हणालीस ना? तुझ्या शाकाहाराची किंमत रोज भट्टीपुढे उभं राहून कोण मोजतंय, ते तुझ्या वहीत कुठे आहे? तुझ्या आजोबांचा हातमाग होता, हे तूच मला सांगितलंस. माग थांबले तेव्हा कितीतरी कोष्टी घरं या रश्शावर तगली. बोकडही किंमत मोजतो, सगळ्यात मोठी तोच मोजतो. ते मी विसरलेले नाही आणि तुलाही विसरू देणार नाही. दोघांनाही लिही. फी मटणातून येते म्हणून अधिकार नाही, हे तुझ्या डोक्यात कोणी भरवलं? सावजीच्या गल्ल्यावर बसून सिंगर वाचणारी दुसरी पोरगी मला या नागपुरात दाखव.

तेव्हा पहिलं प्रकरण सिंगरपासून नको. बोकड कुठल्या बाजारातून येतो, कितीला पडतो, कापतो कोण, संध्याकाळी हातात काय उरतं, हे बाबांना विचार. भाव विचारलास की बोलतील. धंदेवाला माणूस भावाच्या प्रश्नाला गप्प बसत नाही.

वही न्यायला शनिवारी ये, दहाच्या आत. नंतर ऊन सोसत नाही मला. आणि यंदा वेचणी सुरू झाली की राळेगावला जाऊ, दोघी. ती बाई आता तिथे आहे की नाही कोण जाणे, नंबर मात्र मी ठेवलाय. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. दोन्ही मीच काढीन.

तुझी,
मॅडम