वाचकांचे प्रश्न : काच फुंकणाऱ्या बेल्जियन वडिलांचं आयुष्य कसं लिहायचं?

प्रश्न : माझ्या सासूबाई ९३ वर्षांच्या आहेत. त्यांचे वडील बेल्जियममधल्या ज्युमे गावचे. १९०४ साली, अकराव्या वर्षी ते आईवडिलांबरोबर पेन्सिल्व्हेनियात आले आणि तरुणपणी खिडक्यांच्या काचेच्या कारखान्यात कामाला होते. नातवंडांसाठी त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका काढावी, अशी सासूबाईंची इच्छा आहे. घरात पाच फुटी पोकळ लोखंडी नळी, एक पीळदार काचेची काठी, थोडे फोटो आणि फ्रेंचमधली दोन पत्रं आहेत. ‘ग्लासवर्कर होते’ यापलीकडे कुणालाच काही सांगता येत नाही. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, पिट्सबर्ग

उत्तर : ते कारखान्यात नेमकं कोणतं काम करत होते, ते आधी ठरवा. हाताने तावदानाची काच बनवणाऱ्या कारखान्यात चार कसबं वेगवेगळी होती : गॅदरर, ब्लोअर, फ्लॅटनर आणि कटर. चौघांची मजुरी वेगळी, शरीरावर उमटलेल्या खुणा वेगळ्या आणि यंत्राने पोटावर पाय आणला तो काळही वेगळा. पत्रांत याच कामांची फ्रेंच नावं सापडतील : क्युयर, सूफ्लर, एतांदर, कुपर. ‘गामँ’ असा उल्लेख आला तर तो ब्लोअरच्या हाताखालचा पोरगा.

काम चालायचं ते असं. गॅदरर फुंकणीचं, म्हणजे तुमच्या घरातल्यासारख्या पोकळ लोखंडी नळीचं, टोक वितळलेल्या काचेत बुडवून फिरवत बाहेर काढायचा. एका बुडवणीत पुरेसा रस येत नाही, म्हणून थर जरा निवला की पुन्हा, असं चार-पाच वेळा. साध्या काचेसाठी गोळा दहा-बारा किलोचा व्हायचा, जाड काचेसाठी त्याहून बराच जड. इथे गोळा एका अंगाला कलला, तर पुढच्या नळकांड्याची एक भिंत जाड आणि दुसरी पातळ होणार, ते कुणालाही सुधारता येत नाही. ब्लोअर तो गोळा ओल्या साच्यात घोळवून फुंकायचा, पुन्हा तापवायचा आणि उंच फळीवर उभा राहून खालच्या खोल खड्ड्यात झुलवायचा. स्वतःच्या वजनाने काच लांबत जाते, फुंकरीने तिची रुंदी टिकते. अखेरीस साधारण पाच फूट लांब आणि फूट-सव्वा फूट व्यासाचं नळकांडं तयार होई. त्याचं खालचं तोंड उघडण्याची युक्ती मोठी सुंदर आहे : आत हवा भरायची, फुंकणीचं भोक अंगठ्याने बंद करायचं आणि काचेचं टोक भट्टीत धरायचं. आतली हवा फुगते आणि सर्वांत मऊ जागी, म्हणजे टोकालाच, भोक पाडून बाहेर पडते. फुंकणीकडची बाजू सोडवायला तिच्याभोवती गरम काचेचा धागा गुंडाळायचा आणि थंड लोखंड टेकवायचं, की गोल तडा जातो.

मग नळकांड्याला उभी चीर पाडून ते फ्लॅटनरकडे जाई. तो भट्टीतल्या गुळगुळीत दगडावर चीर वर ठेवून ते तापवायचा, उलगडायचा आणि लांब दांड्याला लावलेल्या लाकडी ठोकळ्याने दाबत सपाट करायचा. व्यास १४ इंच असेल तर उलगडलेली काच सुमारे ४४ इंच रुंद भरते. दगड जास्त तापला तर काच चिकटून खरवडते, कमी तापला तर सुरकुत्या राहतात. नंतर ती सावकाश निववावी लागते. घाई झाली तर ताण आत अडकून राहतो आणि कटरने हिरकणी फिरवताच काच रेघ सोडून भलतीकडे फुटते. कटर मापं कापून ५० चौरस फुटांच्या पेट्या भरायचा. मजुरी कामावर मोजली जायची, त्यामुळे एकाची चूक दुसऱ्याच्या खिशाला लागे. जुने काचकामगार एकमेकांबद्दल कडवट का लिहितात, ते इथे कळतं.

आता यंत्रांकडे या. १९०३ पासून अमेरिकन विंडो ग्लास कंपनीने लबर्सचं यंत्र वापरात आणलं. ते दाबाच्या हवेने चाळीस फुटांपर्यंत उंच नळकांडं वर खेचायचं. गॅदरर आणि ब्लोअर यांची गरज संपली, पण नळकांडं उलगडायला फ्लॅटनर लागतच होता. पुढे वितळलेल्या काचेतून थेट सपाट पट्टा ओढण्याची रीत आली, तेव्हा फ्लॅटनरही गेला. त्यांतली एक रीत एमिल फुर्को यांची, आणि हे गृहस्थ ज्युमेच्या शेजारच्या दाँप्रेमीचेच! कटर मात्र सर्वांत जास्त टिकला. हातकाम करणारे कारखाने यंत्रांशी झुंजत १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत कसेबसे चालले. म्हणून वडिलांचं काम कधी सुटलं आणि पुढे ते कशाकडे वळले, याचं उत्तर ते चौघांपैकी कोण होते यावर अवलंबून आहे. घरात नळी आहे म्हणजे ते ब्लोअरच होते, असं लिहून टाकू नका. गॅदररच्या हातातही तीच नळी असे, आणि बरेच जण आधी गॅदरर होऊन मग ब्लोअर होत. घरात हिरकणी सापडली असती तर कटरचा संशय घेता आला असता.

कागदांत सर्वांत आधी ५ जून १९१७ च्या लष्करी नोंदणीचं कार्ड मिळवा. त्या दिवशी २१ ते ३० वयाच्या पुरुषांची नोंदणी झाली, परदेशी नागरिकांचीही. तुमचे आजेसासरे तेव्हा चोविशीत असणार. कार्डावर जन्मगाव, धंदा, मालकाचं नाव, पत्ता आणि स्वतःची सही असते. एवढं एका जागी दुसऱ्या कुठल्याच कागदावर मिळत नाही. फॅमिलीसर्च संकेतस्थळावर ती कार्डं फुकट पाहता येतात. त्यानंतर १९१० आणि १९२० च्या जनगणना पाहा. दोन्हींत अमेरिकेत आल्याचं वर्ष आणि मातृभाषा आहे, १९२० मध्ये नागरिकत्व मिळाल्याचं वर्षही. ती वर्षं घरच्यांनी आठवणीने सांगितलेली असल्याने एक-दोन वर्षांचा फरक धरून चाला.

पत्ता दर वेळी वेगळा दिसला तर गोंधळू नका. भट्ट्या नैसर्गिक वायूवर चालत आणि कारखाने वायूच्या मागे फिरत : पश्चिम पेन्सिल्व्हेनियातलं जनेट, शार्लरॉय (हे १८९० साली बेल्जियममधल्या शार्लरवा शहराचं नाव घेऊन वसलेलं गाव), पॉइंट मॅरियन, इंडियानातलं हार्टफर्ड सिटी. इंडियानाचा वायू विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आटला, तेव्हा पुष्कळ कुटुंबं वेस्ट व्हर्जिनियात क्लार्क्सबर्ग, सेलम भागात गेली. शिवाय कडक उन्हाळ्यात भट्टी बंद राही आणि हंगाम उघडताना माणसं दुसऱ्या गावी जात. धाकट्या भावंडांची जन्मगावं कालक्रमाने मांडा. कुटुंबाचा प्रवास त्यातूनच उभा राहतो.

नागरिकत्वाचा कागद वडिलांच्या नावाने शोधून मिळाला नाही, तर त्यांच्या वडिलांच्या नावाने शोधा. बाप नागरिक झाला की सज्ञान नसलेली मुलं आपोआप नागरिक होत, त्यांचा वेगळा अर्ज नसे. २७ सप्टेंबर १९०६ नंतरच्या अर्जांची प्रत केंद्र सरकारकडे जाई. त्याआधीचे अर्ज स्थानिक न्यायालयांत विखुरलेले आहेत.

जहाजाची यादी वाचताना एक सावधगिरी हवी. १८८५ च्या कायद्याने परदेशातून करार करून मजूर आणायला बंदी होती, आणि तो कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्यांत काचकामगारांची संघटना, लोकल असेंब्ली ३००, पुढे होती. साहजिकच धक्क्यावर उतरणारा कुणीही ‘नोकरी ठरलेली आहे’ असं कबूल करत नसे. यादीत ‘मजूर’ लिहिलेला माणूस पक्का ब्लोअर असू शकतो. ‘एलिस बेटावर (न्यूयॉर्क बंदरातल्या प्रवेश तपासणी केंद्रात) कारकुनाने आडनाव बदललं’ ही घराघरात सांगितली जाणारी गोष्ट पुस्तिकेत घालू नका. यादी निघण्याच्या बंदरातच, बहुधा अँटवर्पला, तयार होई आणि इथला अधिकारी तीच पडताळे. नावं बदलली ती नंतर, शाळेत, पगारपत्रकावर किंवा शेजाऱ्यांच्या तोंडी : ज्याँ-बातिस्तचा जॉन झाला तो असा.

बेल्जियमच्या बाजूला राज्य अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर नोंदी पाहता येतात. तिथे शंभर वर्षांपूर्वीचे जन्मदाखले, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे विवाहदाखले आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्युदाखले खुले आहेत. दाखल्यापेक्षा लोकसंख्या नोंदवही मोलाची. ती घरवार असते आणि कुटुंब कधी, कुठे गेलं हेही तीत लिहिलेलं असतं. ज्युमे १९७७ पासून शार्लरवा शहरात विलीन आहे, पण जुन्या नोंदी ज्युमेच्याच नावाखाली शोधा.

कुटुंबाने देश का सोडला, यावर एक पान जरूर द्या. मार्च १८८६ मध्ये शार्लरवा परिसरात मोठे दंगे झाले आणि ज्युमेतला बोदू यांचा काचकारखाना जाळला गेला. त्यात अखंड वितळवणारी नवी टाकी-भट्टी बसवलेली होती. कामगार नेते ऑस्कर फालर यांना जबर शिक्षा झाली. सुटल्यावर ते अमेरिकेला गेले. तुमचं कुटुंब अठरा वर्षांनी निघालं, म्हणून थेट संबंध जोडू नका. पण ज्युमेच्या काचकामगारांत अमेरिकेची वाट मळलेली कशी होती, ते यावरून समजतं.

सासूबाईंना ‘वडील कसे होते?’ असं विचारू नका. उत्तर ‘फार कष्टाळू’ असं येईल आणि संभाषण संपेल. वडिलांच्या डोळ्यांवर मोतीबिंदू लवकर आला का (भट्टीच्या प्रखर उष्णतेकडे वर्षानुवर्षं पाहिल्याने तो होई), मोजताना आणि रागावताना कोणती भाषा तोंडी यायची, खिडकी फुटली तर काच स्वतः बसवायचे का, घरी येणाऱ्यांपैकी कोण ‘कारखान्यातला’ होता, असं विचारा. फोटो हातात देऊन विचारलं तर आणखी सुचतं. एका बैठकीला पाऊण तास पुरे. ध्वनिमुद्रण करा, आणि सुरुवातीलाच तारीख व बोलणाऱ्याचं नाव मुद्रणात बोलून ठेवा.

प्रश्न : वरच्याच पत्रातला दुसरा भाग : काचेची काठी हाताला चिकट लागते आणि नळीवर गंज आहे. काय करावं?

उत्तर : काठी विकत घेतलेली नसावी. उरलेल्या रसातून काचकामगार अशा हौशी वस्तू स्वतःसाठी बनवत, बेल्जियममध्ये त्यांना ‘बुझिये’ म्हणतात. चिकटपणा निव्वळ मळाचा असेल, तर ऊर्ध्वपातित पाण्यात किंचित भिजवलेल्या मऊ कापडाने पुसून लगेच कोरडी केली की जातो. पुसूनही काही आठवड्यांत पुन्हा ओलसर झाली, तर काचेतले क्षार दमट हवेत बाहेर येत आहेत. मग ती तळघरात ठेवू नका. ४० ते ४५ टक्के आर्द्रता राखता येईल अशा कपाटात, आडवी, दोन-तीन ठिकाणी मऊ आधार देऊन ठेवा. भिंतीवर एका खिळ्याला टांगलेल्या काठ्याच मोडतात.

नळीला पॉलिशपेपर लावू नका, गंज काढायचं रसायनही नको. टोकाला चिकटलेली काच आणि मुठीचं झिजलेलं लाकूड, हाच तर पुरावा आहे. सुटा गंज मऊ ब्रशने कोरडाच झाडा आणि लोखंडावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात फिरवा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा दोरा फोटोमागून करवतीसारखा सरकवला की ते सुटतात. त्याआधी पानाचं छायाचित्र घ्या.

प्रश्न : आमच्या वाड्यात ‘बेल्जियमची काच’ म्हणून दाखवला जाणारा मोठा आरसा आहे. तोही असाच फुंकून केलेला असेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मोठा आणि जाड असेल तर बहुतेक नाही. आरशाची मोठी काच टेबलावर ओतून, लाटून, मग दोन्ही बाजूंनी घासून चकाकवलेली असते. फ्लोरेफ, रू, कुर्सेल इथले कारखाने त्यासाठी प्रसिद्ध होते. ब्लोअरचा त्याच्याशी संबंध नाही. हंड्या-झुंबरं हा आणखी तिसरा धंदा, लिएजजवळच्या व्हाल-सँ-लांबेरचा. तो कारखाना १८२६ चा. आणि ‘बेल्जियम’ हे नाव आपल्याकडे कुठल्याही भारी परदेशी काचेला लावलं जाई, त्यामुळे नावावरून काही ठरत नाही. फुंकलेली काच पाहायचीच असेल तर वाड्याची जुनी तावदानं बघा. तिरक्या उन्हात हलक्या लाटा दिसतात आणि बुडबुडे एकाच दिशेने लांबट ओढलेले असतात.

आरसा फार जुना असेल, तर मागच्या कथलाच्या थरात पारा असू शकतो. करडे, चमकणारे बारीक थेंब खालच्या चौकटीत साचलेले दिसले तर मागची बाजू खरवडू नका, तापवू नका आणि व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका.

प्रश्न : ब्रुसेल्सला नोकरीनिमित्त आहे. या कारागिरांबद्दल कुठे पाहता येईल?
— एक वाचक

उत्तर : शार्लरवाचं काचसंग्रहालय मार्सिनेल इथे, ब्वा द्यू काझिए या जुन्या कोळसाखाणीच्या आवारात आहे. ८ ऑगस्ट १९५६ रोजी त्या खाणीच्या आगीत २६२ माणसं गेली; त्यांतले निम्म्याहून अधिक इटलीहून पोटासाठी आलेले होते. निघण्याची बाजू पाहायची तर अँटवर्पचं रेड स्टार लाइन (अमेरिकेला माणसं नेणारी जहाज कंपनी) संग्रहालय गाठा. प्रवाशांची वैद्यकीय तपासणी आणि सामानाची धुरी जिथे होई, त्याच इमारतींत ते २०१३ साली उघडलं.