खजूर, केळं आणि भात
सगळ्या बेराखा, म्हणजे खाण्याआधी आणि नंतर म्हणायच्या ज्यू प्रार्थना, एकदम पाठ करायला जाऊ नकोस. घरात रोज जे खातोस तिथून सुरुवात कर. पोळी असेल तर सोपं. हात धुऊन ‘हामोत्सी’, म्हणजे पोळी-पावाची बेराखा, म्हटली की भाजी-आमटी त्यातच आली, वाइन तेवढी वेगळी. ऑलिव्हएवढी तरी पोळी पोटात गेली असेल तर शेवटी बिरकत हामाझोन, म्हणजे जेवणानंतरची प्रार्थना.

खरा गोंधळ मलिद्याच्या, म्हणजे बेने इस्रायलींच्या गोड पोहे-फळांच्या, ताटाशी होतो. खजूर झाडाचा, म्हणून ‘हाएत्स’ ही झाडाच्या फळांची बेराखा. केळ्याला मात्र ‘हाआदामा’, म्हणजे जमिनीतल्या पिकाची, कारण घड दिला की केळीचा खांब मरतो. हलाखाच्या, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या, लेखी ते झाड नव्हेच! भाताची तऱ्हा आणखी निराळी: खाण्याआधी धान्याच्या पदार्थांची ‘मेझोनोत’, पण खाल्ल्यावर ‘बोरे नेफाशोत’ ही छोटी प्रार्थना. अगदीच अडलं तर ‘शेहाकोल’ ही सर्वसाधारण बेराखा चालते, पण ती पळवाट रोजची नको. आणि बेराखा म्हटल्यावर घास गिळेपर्यंत बोलायचं नाही, फोनवरही.