वाळू संपायच्या आत

प्रिय मुली,

पत्र मिळालं. डॉक्टर झालीस, बाँडच्या सक्तीच्या सरकारी सेवेसाठी गडचिरोली मागून घेतलीस आणि आता विचारतेस, "सर, मी एकटी किती पोरं वाचवणार?" एकटी फारशी नाही.

डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथल्या खेड्यांत १९८८ साली मोजदाद केली, तेव्हा जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२१ वर्षाच्या आत दगावत होती. बरीच न्यूमोनियानं; गावच्या भाषेत 'डब्बा'. मग निरक्षर बाईलाही श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी साधन केलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला, म्हणजे श्वास फार जलद, तर डब्बा. मला विचारशील तर स्टेथोस्कोपनंतरचं हे मला सर्वांत आवडतं यंत्र.

पुढे ३९ गावांतल्या आरोग्यदूत बाया बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करू लागल्या, जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देऊ लागल्या. गावच्या बाईच्या हातात सिरिंज म्हटल्यावर आपल्या डॉक्टर जमातीच्या कपाळावर आठ्या पडणारच. पण तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. आज आशाताई घरोघर जाऊन बाळं तपासतात, त्याचं मूळ इथं आहे. म्हणून गेल्या गेल्या आशाताईंशी गट्टी कर.

माझी एक चूकही ऐक. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पोराला पाच दिवसांचं सिरप लिहून दिलं. चौथ्या दिवशी आई त्याला परत घेऊन आली, छाती आत ओढली जात होती. "औषध दिलंच नाहीस!" म्हणून मी बाईवर ओरडलो. ती गप्प. सिस्टरनं बाजूला घेऊन विचारलं तेव्हा कळलं, धाकटीही खोकत होती. बाईनं बाटली दोघांत वाटली होती. पोर वाचलं, पण ती माझ्याकडे पुन्हा आली नाही. तेव्हापासून औषध लिहिण्याआधी विचारतो, घरात आणखी कोण खोकतंय?

लोक तुला देवमाणूस म्हणतील. ते फार अंगाला लावून घेऊ नकोस, नाहीतर आशाताई तुझी चूक सांगायच्या बंद होतील.

सेकंदकाट्याचं घड्याळ घे. बाळ रडत असेल तर श्वास मोजू नकोस. आईला पाजू दे, शांत झालं की झबलं वर कर आणि पूर्ण एक मिनिट मोज. पहिल्या आठवड्यात किती बाळांचे मोजलेस, ते कळव.

तुझे,
सर