"आई, फोटो नको ना"

मुलुंडहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी साडेचार वर्षांची, फोनमध्ये तिचे अकरा हजार फोटो, नवरा म्हणतो तुला वेड लागलंय, सासूबाई म्हणतात पोरीला दृष्ट लागेल. आणि मागच्या रविवारी राणीच्या बागेत पेंग्विनच्या काचेसमोर पोरगी ओरडली, "आई बघितलंस, कशी बुडी मारली त्याने!" तर ही म्हणाली, "थांब हं, आलं असेल फोटोत." तेव्हापासून मोबाईल वर केला की पोरगी तोंडावर हात धरते. "ताई, मी वाईट आई आहे का?" असं विचारलंय.

अगं, वाईट कसली! पत्रात तू सहज लिहून गेलीस की सकाळी ७.५२ ची फास्ट पकडते आणि घरी यायला रात्रीचे आठ होतात, मला सगळ्या पत्रात तीच ओळ टोचली. पोरगी जागी असताना रोज तुझ्या वाट्याला येतात जेमतेम दोन-अडीच तास, त्यात ती भराभर वाढतेय, दिवाळीतला फ्रॉक संक्रांतीला आखूड, मग हात फोनकडे जाणारच ना. नवऱ्याला हे असंच सांग, वेड नाही रे, धास्ती वाटते मला, ती मोठी होतेय आणि मी ट्रेनमध्ये आहे.

फक्त फोटो काढला की तो क्षण आपल्याकडे राहिला, हे तितकंसं खरं नाही. लिंडा हेंकेल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला होता, लोकांना म्युझियममध्ये फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला लावले, काही नुसत्या बघायला सांगितल्या, तर दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. पण झूम करून एखादा भागच टिपायला सांगितला तेव्हा तसं झालं नाही, म्हणजे निरखून बघितलं तर हातात कॅमेरा असूनही लक्षात राहतं.

आमच्या घरी माझ्या बोरन्हाणाचा एकच फोटो आहे, मामाच्या कॅमेऱ्यात ३६ चा रोल होता त्यातला शेवटचा. हलव्याचा मुकुट डोळ्यांवर घसरलाय, माझं तोंडच दिसत नाही. पण आई तो हातात घेतला की सांगायची, चाळीतल्या पोरांनी बोरं कशी लुटली, मी गळ्यातला हार चाटून चाटून कसा संपवला. यातलं काहीही त्या फोटोत नाही, ते आईने बघितलं होतं म्हणून मला मिळालं.

आता ते तोंडावर हात धरणं. हे मात्र मनावर घे. साडेचार वर्षांची असली तरी नको म्हणजे नको, "काढू का गं?" विचार, हो म्हणाली तर दोन-तीन काढ आणि फोन पर्समध्ये टाक. कधी तिच्या हातात दे, तुझा काढू दे, डोकं कापलं गेलं तरी चालेल, अकरा हजारांत तू किती आहेस ते मोजून बघ एकदा.

आणि सोसायटीच्या ग्रुपवर, स्टेटसला शाळेच्या युनिफॉर्ममधले फोटो टाकतेस ते आजच बंद कर बाई, कुठली शाळा, किती वाजता बस येते, हे सगळं त्यात दिसतं, आणि ग्रुपमधल्या दीडशे जणांपैकी तू ओळखतेस किती?

स्टोरेज भरलं म्हणून पैसे भरून जागा वाढवलीस म्हणतेस, त्यापेक्षा महिन्यातून एका रात्री दोघी मिळून दहा निवडा, स्टेशनजवळच्या स्टुडिओत छापून आणा, साधा अल्बम करा. बाकीचे डिलीट करताना जीव तुटेल, म्हणून सगळे एकदम नको करूस.

राणीची बाग बुधवारी बंद असते, या रविवारी पुन्हा जा. काचेसमोर तिच्या उंचीला खाली बस, आणि त्याने बुडी मारली की कशी मारली ते मला लिहून कळव, फोटो पाठवू नकोस.