कोल्हापूरजवळ रोडटच घरची जमीन आहे, घरच्यांनी मिळून मंगल कार्यालय काढायचंय, सुरुवात कशी करू?

काढा की, पण आधी जमीन पंचगंगेच्या पूररेषेत येते का ते बघा, 2019 आणि 2021 ला शिरोलीजवळ हायवेवरच पाणी आलं होतं. आणि बांधकामाला लागणाऱ्या सगळ्या परवानग्या हातात आल्याशिवाय एक वीट लावू नका.

पैसा पहिला पार्किंग, स्वयंपाकघर, बायकांचं टॉयलेट आणि जनरेटरवर घाला, झुंबरं नंतर. पाहुणे हॉलचं डेकोरेशन विसरतात पण पंगतीत पाणी कमी पडलं किंवा गाडी चिखलात रुतली हे वर्षभर सांगत फिरतात.

सीझन तुळशीच्या लग्नानंतर ते जूनपर्यंत, चातुर्मासात हॉल रिकामा पडतो म्हणून शंभर-दीडशे माणसांचा छोटा हॉल वेगळा ठेवाच, बारसं, डोहाळजेवण, वाढदिवस त्यावर चालतात. जावळाला मटण लागणारच, त्यासाठी चूल आणि भांडी पूर्ण वेगळी ठेवा, नाहीतर शाकाहारी लग्नवाले परत येत नाहीत.

घरचा धंदा आहे म्हणून सांगतो, बुकिंग एकाच माणसाकडे आणि डायरी एकच. काकांनी एक तारीख दिली, भावानं तीच दुसऱ्याला दिली, की नाव जातं आणि घरात भांडण होतं ते वेगळंच. पाहुण्यातल्यांना किती सूट द्यायची तेही आधीच सगळ्यांनी बसून ठरवा.

भाड्यावर 18 टक्के जीएसटी असतो, वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की नोंदणी लागते. रात्री 10 ला डीजे बंद, हे पावतीवरच छापून घ्या.