खडकातल्या भेगांचे गणित शिकून पुढे काय?

प्रश्न : माझी मुलगी भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. खडकातल्या पाणी भरलेल्या भेगांमधून सूक्ष्म कण कसे वाहतात, याच्या संगणकीय मॉडेलिंगमध्ये तिला संशोधन करायचे आहे. यात नोकरी मिळेल का?
– एक पालक, पंचवटी, नाशिक

उत्तर : सप्रेम नमस्कार. हा विषय वाटतो तितका परका नाही. उन्हाळ्यात दिंडोरीकडच्या एखाद्या विहिरीत वाकून पाहिलेत, तर काळ्या बेसाल्टच्या साऱ्या भिंतीतून पाणी पाझरत नसून एखाद्‌दुसऱ्या सांध्यातूनच झरा लागलेला दिसेल. भेगेची रुंदी दुप्पट झाली, की दाबाचा उतार (म्हणजे ठरावीक अंतरात दाबात पडणारा फरक) तोच असतानाही प्रवाह आठपट होतो. गंमत म्हणजे, एक मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) लहान असलेला मातीचा कण विरघळलेल्या मिठाच्याही आधी पुढे पोचू शकतो. कारण भेगेच्या कडेला असलेल्या अगदी संथ पाण्यात तो आकारामुळे शिरत नाही आणि खडकाच्या छिद्रांतही मिठासारखा मुरत नाही. अमेरिकेतील नेवाडा येथे 1968 साली झालेल्या भूमिगत अणुस्फोटातील प्लुटोनियम अशाच कणांना चिकटून 1.3 किलोमीटर दूरच्या भूजलात आढळल्याचे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. अणुकचरा खडकात पुरू पाहणाऱ्या देशांना या गणिताची गरज पडते, ती त्यामुळेच.

आता नोकरीविषयी स्पष्ट लिहितो. निव्वळ याच विषयाच्या जागा आपल्याकडे फार थोड्या आहेत आणि पीएच.डी.शिवाय त्यांचा विचारही करू नये. केंद्रीय भूजल मंडळातील भूजलशास्त्रज्ञाच्या पदासाठी यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा असते. परंतु तिला भूविज्ञान किंवा त्याच्या संलग्न शाखेतील पदव्युत्तर पदवी लागते आणि त्या अभ्यासक्रमाला बहुतेक ठिकाणी बी.एस्सी.ला भूविज्ञान असावे लागते. म्हणजे आपल्या मुलीसाठी ते दार अरुंद आहे. तिने भौतिकशास्त्र किंवा गणितातच एम.एस्सी. करावी, त्यासाठी आयआयटीची जॅम परीक्षा द्यावी आणि भूविज्ञान पीएच.डी.च्या वेळी सोबत शिकावे, असे मला वाटते. संशोधन जमले नाही, तरी समीकरणे संगणकावर सोडवण्याचे कौशल्य इतरत्रही चालते.

मात्र त्याआधी येत्या सुट्टीत तिला पायथॉन या संगणकीय भाषेत एक छोटे काम करू द्यावे : दोन समांतर भिंती, मधोमध वेगवान आणि कडेला मंद पाणी, आणि त्यात यदृच्छेने इकडेतिकडे सरकत वाहणारे हजार कण, कोणता कण केव्हा बाहेर पडला, याचा आलेख काढायचा. आलेख चुकल्यावर ती रात्री उशिरापर्यंत चूक शोधत बसते की लॅपटॉप मिटते, हे आपण घरातूनच पाहू शकाल.